मऊ आहे, दादा

शब्दन् शब्द खरा आहे, राव — गळ्याची शपथ, आणि तीही माझ्याच गळ्याची, दुसऱ्याच्या गळ्यावर मी शपथा घेत नाही — माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, माझा तिच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे, थोडा आहे. मी तिथंच उभा होतो ना! मित्राच्या शेजारी उभा होतो म्हणा, मित्राच्या सदऱ्यात उभा होतो म्हणा — बरं बरं, मित्रबित्र कुणी नाही, मीच तो. झालं समाधान? हसा खुशाल, पण हात बाहेर काढू नका! राहू द्या बुडलेले. पाणी कोमट आहे हे मला माहितेय, मीच ओतलंय. कढत हवं होतं ना तुम्हाला? सगळ्यांनाच हवं असतं. थंडीत कढत पाण्यात हात घातले की जिवाला कसं बरं वाटतं — वाटणारच, गोड बोलून खिसा कापणाराही बरंच वाटायला लावतो. कढत पाणी तुमच्या कातडीतलं तेल काढून घेतं आणि तुम्ही वर म्हणता, आहाहा. कोमट पाण्यात ती मजा नाही, कबूल, पण चोरीही नाही.

आता दाखवा इकडे. अरे देवा. हात आहेत का आटलेल्या तळ्याचा तळ? बोटांच्या पेरांवर तर वाटाच फुटल्यात, मुंग्यांना नकाशा म्हणून द्यावा. कशानं धुता? — कपड्याच्या वडीनं? छान. आणि वर दगडानं घासता, मेलेली कातडी निघावी म्हणून? अहो, मेलेली निघते तेव्हा तिच्याखालची कोवळी उघडी पडते आणि दुसऱ्या दिवशी तीही मरते. मग तुम्ही तिलाही घासता. असं घासत घासत हाडापर्यंत जाल एक दिवस. दगड फेकून द्या. नाहीतर राहू द्या, दाराला लावायला होईल.

उद्या तुमच्या हातात ‘वाफ’ देणार म्हणता? पहिल्यांदाच? मग आजच बरं आठवलं तुम्हाला! नाही, रागावत नाही, सगळे माझ्या दुकानात आदल्या दिवशीच येतात. इतके दिवस खालच्या मजल्यावर खोकी बांधत होता ना — ते दिसतंच, खोक्याचा पुठ्ठा हातातली ओल टिपकागदासारखी पितो. आणि आता वर बोलावलंय, रेशमाच्या टेबलावर. कापड ताणायचं, उजेडात धरायचं, गाठ दिसली तर उचलायची, घडी घालायची. ऐकायला सोपं. पण रेशमातली ही वाफ म्हणजे वाफच — नाव उगाच नाही पडलं, तळहातावर ठेवली तर आहे की नाही कळत नाही, श्वास सोडला तर उडते. तिला तुमच्या हातावरच्या कोरड्या कातडीचं एक कुसळ पुरतं. एवढंसं, डोळ्यांना न दिसणारं. त्यात धागा अडकला की सुर्र — या काठापासून त्या काठापर्यंत रेघ. तागा गेला. आणि तागा गेला की तुम्ही परत खोक्यांत. तेव्हा गंमत समजू नका, उद्या हाताचीच परीक्षा आहे तुमच्या, डोक्याची नाही. डोकं असलेले तिथं पुष्कळ बघितलेत मी.

जोडीदार कोण दिलाय तुम्हाला? — जोडीदार हो. हाताचा. — नाही दिला? पद्धतच बंद झाली? आता यंत्र आहे? कसलं यंत्र? हातावर टेकवलं की ओल दाखवतं, काटा फिरतो? वा. वा वा. आणि हे कुणी आणलं म्हणालात? खिडकीजवळच्या टेबलावरच्या साहेबांनी. साहेब म्हणता का तुम्ही त्याला? म्हणा, म्हणा. मी ओळखत नाही हं त्यांना. — ओळखतो. थोडासा. एका आईचं दूध प्यायलो तेवढीच काय ती ओळख.

तोंड मिटा, माशी शिरेल. हो, धाकटा माझा. खिडकीजवळचं टेबल माझं होतं, माझ्या आधी वडिलांचं. आमच्या वडिलांचा हात तुम्ही पाहायला हवा होता — इतका मऊ, इतका मऊ, की त्यांनी दार वाजवलं तर आत ऐकू यायचं नाही! खोटं नाही सांगत, तासन् तास बाहेर उभे राहायचे बिचारे, शेवटी आईनं दाराला घंटा बांधली. त्यांनी मला शिकवलं आणि धाकट्याला मी शिकवलं. हात कोमट पाण्यात धर, पण कातडी सुरकुतेपर्यंत नको. पुसू नकोस, टीप. ओलसर आहे तोवरच क्रीम लाव, वाळल्यावर लावलंस तर रिकाम्या माठावर झाकण ठेवल्यासारखं — झाकण काय करणार, आत काही असेल तर राखेल ना! शेगडीजवळ बसू नकोस. पाणी पी, तहान लागायची वाट बघू नकोस. त्याचे हात माझ्या हातात घेऊन मी शिकवलंय हे सगळं. लहानपणी थंडीत त्याचे गाल फुटायचे, तेव्हा मीच तेल लावायचो, ओरडायचा, पळायचा, मी धरून आणायचो. — काढा आता हात. हं, टेकवा या पंच्यावर. नुसते टेकवा! घासू नका हो, भांडी नाहीत ती. टिपा. असं. थोडी ओल राहू दे, तीच तर कोंडायचीय.

तर जोडीदार. तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. स्वतःचा हात स्वतःला कळत नाही, हे आहे सगळ्याचं मूळ. डाव्या हातानं उजवा चाचपलात तर काय कळणार? दोन्ही एकाच थंडीतून आलेले, दोन्ही सारखेच कोरडे. दोन चोर एकमेकांना सावच म्हणणार. म्हणून तिथं प्रत्येकाला एक जोडीदार असायचा. संध्याकाळी काम सुटताना तो आपलं मनगट, आतली बाजू — ही इथली, नस दिसते ना, सगळ्यात पातळ कातडी — ती तुमच्या तळहातावरून फिरवायचा आणि सांगायचा, मऊ किंवा कोरडा. एवढे दोनच शब्द. कोरडा म्हटला तरच क्रीम लावायचं. — का म्हणजे? रोज नाही का लावता येत? अहो, घरी लावा, लग्नाच्या वरातीत लावा, पण वाफेवर तेलाचा डाग पडला तर तो सात जन्म जात नाही. कोरडा हात रेघ पाडतो, तेलकट हात डाग, आणि तागा दोन्हीकडून जातो. म्हणून मधली वाट, आणि ती वाट जोडीदार दाखवणार. स्वतःच्या मनानं कुणी क्रीमच्या डबीला हात लावायचा नाही. माणसं लग्न जमवताना घेत नाहीत एवढी काळजी जोडीदार निवडताना घ्यायची.

आणि एक नियम होता. सख्खे भाऊ जोडीदार नकोत. का असेल सांगा बरं? — भांडतील म्हणून? चूक. भाऊ भावाला सांभाळून घेईल म्हणून! तिथले वस्ताद, म्हणजे रेशमाच्या टेबलांचे मुख्य, म्हणायचे, भावाचा हात कोरडा असला तरी भाऊ मऊच म्हणतो, त्याचं काम जाऊ नये म्हणून. मायेपोटी खोटं बोलतो. नियम करणाऱ्यानं मायेची धास्ती घेतली होती, राव. दुसरं काही असू शकतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि माझ्या तर त्याहून नाही. मी वस्तादांच्या मागे लागलो, पाय धरले म्हणा ना, म्हटलं, परका मनगट फिरवतो तेव्हा मला गुदगुल्या होतात, माझा भाऊच द्या. सगळे हसले. वस्तादही हसले आणि नियम मोडला.

द्या हात. आता हे क्रीम बघा, वास नाही याला. वासाचं क्रीम नाकासाठी असतं. तळव्यावर घ्या, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेनं — नखांच्या कडेनं सगळे विसरतात आणि कुसळ तिथंच उगवतं. चोळू नका, निजवा त्याला. हं.

त्या हिवाळ्यात वारा असा सुटला होता की वाळत घातलेले कपडे वाळायचे आणि मग तडकायचे. खरंच, माझ्या एका सदऱ्याची बाही मोडली. — बरं, मोडली नाही, पण आवाज झाला. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात रेशीम येईना, नुसतं जाडं अस्तर. अस्तराला काय, त्याच्यावर नांगराचा फाळ फिरवला तरी कळत नाही. म्हणजे हात कसा आहे हे सांगणारं कापडच समोर नाही. राहिला जोडीदार. रोज संध्याकाळी धाकटा यायचा, मनगट फिरवायचा आणि म्हणायचा, “मऊ आहे, दादा.” तेवढंच. कधी कधी वर हसायचा, “लोणी आहे, दादा, पोळीला लावून खाऊ का?” मी खूश! डबी फडताळात, तिच्यावर धूळ. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, माझी कातडीच वेगळी, वडिलांवर गेलोय, मला हिवाळा लागत नाही.

बायकोला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? तिलाच सगळ्यांत आधी कळलं. म्हणाली, अहो, तुमचा हात माझ्या साडीला अडकतो, जरा बघा. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, तुझी साडीच जुनी झालीय. पुन्हा म्हणाली, अहो, मांजर तुमच्याकडून पाठ खाजवून घ्यायला लागलंय आजकाल. म्हटलं, प्रेम आहे त्याचं. तिसऱ्यांदा चिडली, माझा हात तिनं आपल्या गालावर टेकवला आणि म्हणाली, “हा काय मऊ हात आहे? लाल रेघा उठल्यात बघा माझ्या गालावर.” आणि मी म्हटलं — हे मात्र मी असंच म्हटलं, यात मीठमिरची नाही — म्हटलं, माझा भाऊ सांगतो मऊ आहे म्हणून. तुला जास्त कळतं का?

तिनं माझा हात गालावरून खाली ठेवला. कुणाला आपल्या बायकोला एवढा मोठा विनोद सांगून गप्प बसवता आलंय?

मग वाफ आली. वस्ताद खिडकीशी, मालक, बाहेरगावचे दोन खरेदीदार, चांगले कपडे घालून. वस्तादांचं ते शेवटचं वर्ष. टेबल माझ्या ताब्यात होतंच, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांची जागा मला द्यायची होती. वाफ दोघांनी उघडायची असते, समोरासमोर उभं राहून, एक काठ मी धरणार, एक जोडीदार. पलीकडे धाकटा. मी हात पुढे केला. आता नीट ऐका, मी इतकी वर्षं हे डोळ्यांपुढे फिरवून बघितलंय आणि त्यात फरक पडत नाही — कापड माझ्या बोटाला लागायच्या आधी, आधी हं, नंतर नाही, धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

फटाक्याला काडी लावल्यावर कानावर हात ठेवतो ना माणूस, आवाज व्हायच्या आधी? तसे.

मग सुर्र झालं. या काठापासून त्या काठापर्यंत. मी हात झटकला तर दुसरी रेघ. खरेदीदारांतला एक जण हळूच म्हणाला, “अरेरे”, मांजराचं पिल्लू पायाखाली आल्यासारखं. वस्तादांनी माझा हात धरला, मनगट फिरवलं, आणि त्यांच्या मनगटावर रेघा उठल्या. “जोडीदार कोण?” त्यांना माहीत नव्हतं का? पण विचारायची रीत आहे. आणि आमचा धाकटा खाली मान घालून, अगदी दुःखानं म्हणाला, “मी रोज सांगायचो, दादाला. कोरडे पडलेत, काहीतरी लाव. ऐकतच नाही कुणाचं. वडिलांवर गेलोय म्हणतो.”

आणि मी म्हणतच होतो ना तसं! सगळ्यांनी ऐकलं होतं! आता तो खोटं बोलतोय म्हणू? भावाला? परक्या माणसांसमोर? घरी आई होती तेव्हा, तिला काय सांगायचं — तुझ्या दोन लेकरांपैकी एक चोर आहे, ओळख कोणता? मी म्हटलं, हो, चुकलं माझं. डबी उचलली आणि जिना उतरलो. तो वरच राहिला. खिडकीशी.

हं, आता हे दुसरं मलम, घट्ट आहे, वरून याचा हात फिरवायचा. क्रीमनं ओल दिली, हे दार लावतं. आणि हे सुती हातमोजे घाला. नवे आहेत, रबरी नाहीत, श्वास घेतात. रात्रभर ठेवा. बायकोनं विचारलं तर म्हणा, डॉक्टर झालोय. आणि तिच्या गालाला उद्या सकाळी हात लावून विचारा, कसा आहे. ती म्हणेल ते खरं, यंत्राचा काटा काय म्हणतो ते नंतर. सकाळी मोजे काढून हात धुवा, तेलाचा अंश राहता कामा नये.

राग? नाही हो, आता कुठला राग. गेला तो. कारण तो आला ना! हेच तर सांगायचं राहिलं. या दुकानात आला, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसला. असंच वारं सुटलं होतं, कावळेसुद्धा मफलर बांधून बसले होते. दारात उभा राहिला, मी म्हटलं, या साहेब, काय देऊ? आत आला, बसला. हात पुढे केले. राव, ते हात! तुमचे परवडले. खिडकीजवळच्या टेबलाची हवा बाधली असेल, का मनाला बाधलं असेल, सगळं फुटलेलं, बेचक्यांत रक्त. म्हणाला, “दादा, तुझ्याशिवाय खरं सांगणारा कुणी नाही तिथं. सगळे मऊ आहे म्हणतात.” मी उठलो. पाणी ओतलं, कोमट. त्याचे हात धरून बुडवले. तेव्हा रडला. लहानपणी गालाला तेल लावताना रडायचा ना, तस्साच, तोंड वेडंवाकडं करून. म्हणाला, “त्या दिवशी मी डोळे मिटले ते तू पाहिलंस का रे?” म्हटलं, पाहिलं. म्हणाला, “चुकलो.” मी म्हटलं, टीप, घासू नकोस. बस. एवढंच बोललो. क्रीम लावलं, मोजे घातले, जाताना दारात वळला आणि —

काय? — काय म्हणालात?

पुन्हा सांगा. — एकुलता एक? कोण एकुलता एक? — तो म्हणतो? तुम्हाला, स्वतः? जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना सांगतो. काय सांगतो, नेमकं सांगा, त्याच्या शब्दांत सांगा. — “आमच्या वडिलांना मी एकटाच, म्हणून त्यांचा हात माझ्याकडे आला.”

असं.

दाराच्या घंटेची गोष्टही सांगतो? — सांगतो. आणि हसतात सगळे? — हसणारच. माझीच आहे ती, मी रचलेली. आमच्या वडिलांनी दार कधी वाजवलंच नाही, हाक मारायचे.

नाही, काही होत नाहीये मला. पाणी नको. तुम्ही मोजे नीट ओढून घ्या, मनगटापर्यंत. तुमचा काय दोष त्यात, तुम्ही ऐकलं ते सांगितलं. मघाशी चेहरा पडला तुमचा, तेव्हाच विचारायला हवं होतं मी, पण माझी गाडी एकदा सुटली की —

तो आला नाही, राव. कधीच आला नाही. बाकी सगळं झालंय, बायकोचा गाल, मिटलेले डोळे, जिना, सगळं तसंच झालंय, कुणालाही विचारा. तेवढं खुर्चीवरचं मी पदरचं घातलं. पहिल्या वर्षी सांगायचो तेव्हा नुसता दारात येऊन उभा राहायचा. मग आत यायला लागला. मग बसायला. रडायला तर या हिवाळ्यातच लागलाय.

उठा. थांबा, मोज्यांनी कडी सरकायची नाही तुम्हाला. दार मी उघडतो.